पक्ष्यांची जात

आमच्या घरात रागवायचा हक्क एकट्या दोड्डप्पांना होता. दोड्डप्पा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. आम्ही लिंगायत, सोलापुरात राहून पिढ्या झाल्या तरी नात्यांच्या हाका कानडीतूनच मारायचो. आई ती अव्वा, वडील ते अप्पा, थोरली काकू ती दोड्डव्वा. बाकीच्यांना राग येत नसे असं नाही. अव्वाला आला की भाकरी जरा जोरात थापली जाई. अप्पांना आला की ते घोंगड्यांच्या थप्प्या उतरवून पुन्हा रचत बसत. पण तोंडानं बोलून दाखवायचा तो दोड्डप्पांनी. मला मात्र राग तोंडावाटेच येई, आणि मुलीच्या जातीला हे शोभत नाही, हे मला उठता-बसता ऐकवलं जाई. मुलीची जात, बायकांची जात, पुरुषाची जात, ज्वारीची जात, मेंढराची जात. हा शब्द आमच्याकडे मिठासारखा सगळ्यात पडायचा. ह्याच शब्दापायी माझी शाळा सुटली, आणि त्याचा राग मला अजून आहे. वय झालं की माणूस निवतं असं म्हणणारे लोक भेटतात. मी त्यांना चहा देते आणि गप्प बसते.

पुढं दुकान, मागं घर. दुकान घोंगड्यांचं. सांगोल्याकडचे, मंगळवेढ्याकडचे धनगर माल घेऊन यायचे, ओट्यावर बसून तंबाखू मळायचे, आणि दोड्डप्पा एकेक घोंगडं उलगडून, चोळून, नाकाशी नेऊन त्याची परीक्षा करायचे. घोंगड्याला चिंचोक्याची खळ लावतात. तिचा आंबूस वास आणि लोकरीचा उग्र वास आमच्या कपड्यांना, अंथरुणांना, केसांनासुद्धा असायचा. शाळेत शेजारच्या बाकावरच्या मुली नाक मुरडायच्या, त्याचा मला राग यायचा. घरी आल्यावर तोच वास नाकात गेला की बरं वाटायचं, आणि त्याचाही राग यायचा. मागच्या बोळात तेलुगू विणकरांची घरं होती. त्यांच्या मागांची खटखट दिवसभर चाले, आणि ती थांबली की आम्हाला चुकल्यासारखं होई. अव्वा चुलीपाशी ज्वारीच्या भाकरी थापायची, उखळात शेंगदाण्याची चटणी तेल सुटेपर्यंत कुटायची. मी मोठी होईतो जगात ह्याच दोन गोष्टी खातात असं मला वाटत होतं. सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर असे, तेवढाच फरक. घरात मोठी माणसं कानडी बोलायची, पण ती कसली कानडी. दोड्डव्वाच्या माहेरचे लोक विजापूरहून आले की ती ऐकून त्यांना हसू फुटायचं. शब्द कानडी, हेल मराठी, क्रियापदाचं शेपूट कुठल्या भाषेचं ते देवाला ठाऊक. ती आमची बोली इथंच, सोलापुरातच तयार झालेली होती.

मी इंग्रजी सहावीत होते, म्हणजे मॅट्रिकच्या अलीकडच्या वर्गात. आमच्या भावकीत एवढी शिकलेली मुलगी नव्हती, आणि एवढी वाढलेली बिनलग्नाची मुलगीही नव्हती. दोड्डप्पांनी अक्कलकोटला एक स्थळ हेरून ठेवलं होतं. अप्पांनी मात्र मला शब्द दिला होता. दुकानात कुणी नसताना, घोंगड्यांची घडी घालता घालता, माझ्याकडं न बघता ते म्हणाले होते, "म्याट्रिक हुईपर्यंत मी लग्नाचं नाव काढू देनार न्हाय. तू आब्यास कर." मला मॅट्रिक व्हायचं होतं. पुढं काय करायचं हे काही ठरवलं नव्हतं. व्हायचं होतं एवढंच, आणि त्या शब्दावर मी निर्धास्त होते.

आम्हाला भूगोल शिकवायला साळवेबाई होत्या. त्या ख्रिस्ती. मुलींच्या शाळेला शिकलेली बाई मिळेना म्हणून हेडमास्तरांनी नाइलाजानं त्यांना घेतलं होतं, आणि हा नाइलाज ते लपवत नसत. बाई प्यायचं पाणी घरून आणायच्या, फुलपात्रही स्वतःचं. शाळेचा माठ त्यांनी शिवायचा नाही हे कुणी त्यांना सांगितलं नसावं, सांगायची गरजच नव्हती. अंगानं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. वर्गात त्या कधी रागावल्या नाहीत. मला वाटायचं, ह्या बाईला राग येतच नाही. ते चूक होतं, पण ते मला फार उशिरा कळलं.

एके दिवशी धडा बेटांचा निघाला. चहूबाजूंनी पाण्यानं वेढलेला जमिनीचा तुकडा म्हणजे बेट, हे आम्ही घोकलेलं होतं, पण समुद्र आमच्यातल्या एकीनंही पाहिला नव्हता. एक मुलगी म्हणाली, "बाई, बेट म्हंजे बांबूचं की." वर्ग हसला. बाई म्हणाल्या, बरोबर आहे, तेही बेटच, पण आपल्या तळ्यातलं देऊळ डोळ्यांपुढं आणा, त्याची वाट काढून टाका आणि तळं दिसेनासं होईपर्यंत मोठं करा. मग पुस्तक मिटून त्या पुस्तकात नसलेलं सांगू लागल्या. फार लांब, समुद्रात, काही बेटं आहेत. तिथं एक साहेब जहाजातून गेला. त्याला एका बेटावर चिमणीएवढे पक्षी दिसले, त्यांची चोच अडकित्त्यासारखी जाड. दुसऱ्यावर तसलेच पक्षी, पण चोच चिमट्यासारखी बारीक, सालीखालचे किडे ओढून काढणारी. आणखी कुठं चोच दाभणासारखी लांब, ते निवडुंगाची फुलं आणि बोंडं खायचे. निवडुंग म्हटल्यावर आम्ही सगळ्या सावरून बसलो. आमच्या गावाबाहेर दुसरं होतं काय. लाल बोंडं खाऊन तोंडं रंगवलेल्या मुली होतो आम्ही.

"हे सगळे मुळात एकाच जातीचे," बाई म्हणाल्या. "कधीतरी मोठ्या मुलखातून चार पाखरं वाऱ्याबरोबर भरकटली आणि तिथं येऊन पडली. परत जाता येईना. जिथं पडली तिथं मिळेल ते खाऊन राहिली."

"मग त्यांनी चोच वाढिवली व्हय, बाई?" कुणीतरी विचारलं.

"चोच कुणाला वाढवता येत नाही. पावसानं दडी मारली, मऊ बी संपलं, कडक तेवढं उरलं. ज्यांची चोच उपजतच जरा जाड, त्यांनी ते फोडलं. बाकीची उपाशी मेली. उरलेल्यांची पिल्लं जाड चोचीची निघाली. पुन्हा तसंच, पुन्हा तसंच, कित्येक पिढ्या. शेजारच्या बेटावर खाणं वेगळं, तिथं बारीक चोचीचं निभावलं."  पावसानं दडी मारणं म्हणजे काय, हे सोलापूरच्या पोरीला समजावून सांगावं लागत नाही. एकीनं विचारलं, मग ह्यांच्यात वरची जात कुठली आणि खालची कुठली. बाई म्हणाल्या, "वर-खाली काही नसतं. ज्या बेटावर जे बी, तिथं ती चोच बरी." मग त्यांनी आम्हालाच विचारलं, "आता सांगा, आधी एक असलेले पक्षी वेगवेगळ्या जातींचे झाले, असं आपण कधी म्हणायचं?"

मी बाकावरून उठायच्या आतच बोलून गेले, "बेटीव्यवहार बंद झाला की."

मुली खो खो हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, 'बेटीव्यवहार बंद झाला, की नवी जात.' म्हणाल्या, "पुन्हा एका ठिकाणी आले, शेजारी घरटी बांधली, तरी एकमेकांत जोडी जमवत नाहीत. मग त्या दोन जाती. गौरा, मला हे इतकं नेमकं सांगता आलं नसतं." शाळेत मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी. ती मी घरापर्यंत पळत घेऊन आले.

अव्वा चुलीपाशी होती. तिला मी सगळं सांगितलं. कानडीत बेट्ट म्हणजे डोंगर, त्यामुळं तिला वाटलं मी डोंगरावरच्या पाखरांबद्दल बोलते आहे. बेट म्हणजे समुद्रातली जमीन हे समजावल्यावर ती म्हणाली, "म्हंजे पान्यातला डोंगरच की," आणि भाकरी उलटली. मग पुढं ऐकत राहिली. बारीक चोचीची पाखरं मेली इथपर्यंत आल्यावर तिचा हात थांबला. "दुष्काळात माजी दोन भावंडं गेली," ती म्हणाली. "त्यांची काय चोच बारीक हुती व्हय गं?"  ह्याचं उत्तर बाईंनाही आलं नसतं. मी तिच्यावर चिडले, की मी एवढं आनंदानं सांगते आहे आणि तू हे काय काढतेस. आज त्या प्रश्नापुढं मला शास्त्र थोडं थिटं वाटतं. तेव्हा फक्त विरस झाला.

पलीकडच्या खोलीत दोड्डव्वा ज्वारी निवडत होती. तिला ऐकू गेलं ते एवढंच. जात बदलते. बेटीव्यवहार. नवी जात. बाई. मधली पाखरं गळून पडली. जेवायच्या वेळेपर्यंत त्याचं झालं असं, की शाळेतली ख्रिस्तीण बाई पोरींना सांगते, जात काय कायमची नसते, बेटीव्यवहार कुणाशीही करा. मी आता जेव्हा भावकीतल्या नातवंडांची पुस्तकं चाळते, तेव्हा तिथं 'प्रजाती' असा एक धुतलेला, इस्त्री केलेला शब्द दिसतो. पक्ष्यांची प्रजाती, माशांची प्रजाती. कुणाला काही लागत नाही, कुणाला काही खुपत नाही. साळवेबाईंकडं हा शब्द नव्हता. त्यांच्याकडं तोच एक शब्द होता जो आमच्या सगळ्यांकडं होता, आणि तो तेव्हा पाखरांना आणि माणसांना एकच होता. शब्द वेगळा काढला म्हणजे गोष्ट वेगळी झाली असं ज्यांना वाटतं, त्यांचाही मला राग येतो.

दोड्डप्पांनी मला दुकानात बोलावलं. अप्पा एका बाजूला घोंगड्या रचत होते.

"बाई जात बदलती म्हनली का न्हाय?"

"म्हनल्या. पक्ष्यांची."

"म्हनली का न्हाय, येवढंच इचारलंय मी."

"दोड्डप्पा, ती पाखरांची गोष्ट हाय. बेटावरच्या."

"पाखरांला कसली आलीय जात? जात मानसाला असती. पाखराचं नाव घिऊन मानसाला सांगत्यात, येवढं कळतंय मला. दुकानात बसून केस पांढरं केल्यात."

मी त्यांना 'ते' म्हणते आहे, ही सवय. राग असला तरी जीभ वळत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी धडा सगळ्यात जास्त कुणाला कळला असेल तर तो दोड्डप्पांना. मुली हसल्या, मी शाबासकी घेऊन पळाले, अव्वाला तिची भावंडं आठवली. एकटे दोड्डप्पा नेमके त्या ठिकाणी पोचले, की जी गोष्ट बनते ती कधीतरी नव्हतीही. त्यांचं अख्खं आयुष्य ती कायमची आहे ह्यावर उभं होतं. ते चिडले होते असं तेव्हा मला वाटलं. ते घाबरले होते. पण घाबरलेल्या माणसाच्या हातात घर असलं की त्याची किंमत घरातली मुलगी देते, म्हणून मला त्यांची कीव येत नाही.

मी अप्पांकडं बघितलं. त्यांनी रचलेली थप्पी उतरवायला घेतली. दोड्डप्पा बाहेर गेल्यावर मी म्हणाले, "अप्पा, तुमी बोला की." ते म्हणाले, "थोरले हायत. तू गप बस. सगळं निस्तरंल."

निस्तरलं ते असं. दोड्डप्पा समाजातल्या दोन वजनदार माणसांना घेऊन हेडमास्तरांकडं गेले. बाईंनी वर्गात, आमच्यादेखत, सगळं परत घ्यावं, नाहीतर आमच्या पेठेतल्या सगळ्या मुली शाळेतून काढू, असं सांगून आले. हेडमास्तर भल्या मनाचे होते, म्हणजे समोर जो असेल त्याला हो म्हणत. त्यांनी बाईंना, तुम्ही नेमकं काय शिकवलंत, एवढंही विचारलं नाही. तिकडं बाईंच्या पाद्रीसाहेबांच्या कानावरही गेलं होतं. देवानं पाचव्या दिवशी पाखरं केली ती तशीच आहेत, ह्यावर त्यांचं आणि दोड्डप्पांचं अगदी एकमत होतं. एकमेकांच्या ताटाजवळ न बसणारी ही माणसं त्या एका बाईविरुद्ध एका पंक्तीला बसली. हे मला पुढं कित्येक वर्षांनी बाईंनीच सांगितलं. सांगताना त्या हसत होत्या, मला हसता आलं नाही. परत घेतलं तर गौराला शाळेत राहू देऊ, असं दोड्डप्पांनी कबूल केलं होतं. बाईंनी हो म्हटलं ते त्या एका अटीसाठी.

त्या दिवशी वर्गात भिंतीशी तीन खुर्च्या मांडल्या. पागोटी, उपरणी, कपाळावर भस्माचे पट्टे. दोड्डप्पा मधल्या खुर्चीवर. हेडमास्तर दारात, अर्धे आत अर्धे बाहेर. बाई फळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि नेहमीच्याच खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मागच्या वेळी मी जे सांगितलं ते चुकीचं होतं. पक्ष्यांची जात बदलत नाही. जशी देवानं केली तशीच राहते. ते विसरून जा." एवढं बोलून त्या थांबल्या. मला वाटलं, संपलं. 

दोड्डप्पा म्हणाले, "पोरींकडनं म्हनवून घ्या."

बाईंनी आमच्याकडं बघितलं. "म्हणा," त्या म्हणाल्या. "जात बदलत नाही." मुलींनी म्हटलं. पाढे म्हणतात त्या चालीत, एका सुरात, "जात बदलत नाही." पाखरं तिथूनही गळाली होती, आणि ह्या वेळी ती गाळणारी दोड्डव्वा नव्हती, बाई होत्या. माझं तोंड उघडलं नाही. मी ठरवलं नव्हतं. उघडलंच नाही.

"आमची का गप?" दोड्डप्पांनी विचारलं. "गौरव्वा, ऊठ. तू म्हन."

मी उठले. बाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्या डोळ्यांनी मला सांगत होत्या, म्हण. म्हणून टाक आणि खाली बस. मला ते नीट कळत होतं. मी वर्षभर गप्प राहिले तर मॅट्रिक होणार, हेही कळत होतं. आणि मी म्हणाले, "पक्ष्यांची बदलती."

दोड्डप्पांनी माझं मनगट धरलं ते दुकानाच्या ओट्यापर्यंत सोडलं नाही. दप्तर वर्गातच राहिलं. बाजारातल्या माणसांनी बघितलं. अप्पांनी दुकानातून बघितलं. मी आत जाताना त्यांना म्हणाले, "तुमी शब्द दिला हुता." ते म्हणाले, "तू म्हनायचं हुतं की गं. चार शब्द. कशाला वाढिवलंस?" त्यानंतर मी त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलले नाही, आणि त्यांना ते सोयीचंच झालं.

मला माळवदावर घोंगड्या झटकायच्या कामाला लावलं. काठीनं धोपटून धूळ काढायची. ते काम मला आवडायला लागलं. खालून अव्वा ओरडे, की हळू, फाटंल. एकदा फाटलंही. खाली शाळेच्या वेळेला मुली जायच्या त्या माझ्याकडं मान वर करून बघायच्या आणि मग शेजारणीच्या कानाला लागायच्या. बाई काही घरी आल्या नाहीत. येणं शक्य नव्हतं हे माहीत असूनही मी वाट बघायची, आणि आल्या नाहीत म्हणून धोपटायची.

मग अक्कलकोटचे पाहुणे आले. गुळाचे व्यापारी, मुलगा आणि मुलाचे वडील. अव्वानं हुग्गी केली होती. मला लुगडं नेसवून पाटावर बसवलं. मुलाचे वडील मोठे खेळकर होते. नाव-गाव झाल्यावर म्हणाले, "शाळंत जात हुतीस म्हनं. काय शिकिवतेत गं शाळंत?"

देवाशपथ, माझ्या मनात आधी काही नव्हतं. पण त्यांनी विचारलं, आणि दोड्डप्पा घाईघाईनं म्हणाले, "शिवनं-टिपनं, वाचन," आणि ते ऐकून माझं डोकं फिरलं.

"जात कशी बनती ते शिकिवतेत," मी म्हणाले.

पाहुण्यांना गंमत वाटली. "कशी बनती?"

मी सांगितलं. बेटं, चोची, निवडुंग, सगळं. बेटीव्यवहार बंद झाला की नवी जात, इथपर्यंत. ते मान डोलवत ऐकत होते. म्हणाले, "पाखरांची व्हय. झ्याक हाय की." तिथं मी थांबले असते तर सोयरीक झाली असती. मी थांबले नाही. जे बाईंनी सांगितलं नव्हतं, जे घोंगड्या धोपटताना माझं मीच जुळवलं होतं, तेही बोलले. "मानसांचीबी तशीच बनली असंल की. आदी समदी येकच. मग कोन कुटं जाऊन पडलं, तितलं खाल्लं, बेटीव्यवहार तोडला. आमची कानडी बगा, विजापूरवाल्यांला हसू येतंय. ती काय देवानं केली? ती हितंच झाली."

हुग्गीला कुणी हात लावला नाही. ते निघून गेल्यावर दोड्डप्पांनी मला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. अप्पा तिथंच होते.

पुढचे पाहुणे मोडनिंबचे. ह्या वेळी मात्र मी ठरवून बसले होते. त्यांनी काही विचारलंच नाही, तर मी न विचारता सांगितलं. त्यानंतर कुणी आलं नाही. सोलापूर काय, अक्कलकोट काय, घोंगड्यांच्या दुकानातली ती तोंडाळ पोरगी जातच नसते म्हणते, हे सगळीकडं झालं. दोड्डव्वा डोळ्याला पदर लावून अव्वाला सांगे, की आता हिला कोण करून घेणार. मी मनात म्हणायची, बाईंच्या फळ्यावर होतं त्या हिशेबानं मी आता एकटीच एक वेगळी जात झाले. त्या वयात त्याचा मला आनंद झाला होता. त्यात किती एकटेपण असतं, ते पुढं कळायचं होतं.

शेवटी दोड्डप्पाच म्हणाले, "जाऊ दे तिला शाळंत. लग्नाच्या कामाची ऱ्हायली न्हाय. मास्तरीण तरी हुंदे." मला शाळा अशी परत मिळाली. कुणी मन मोठं करून दिली नाही. बाजारात न खपलेला माल कोपऱ्यात सारतात, तशी मिळाली.

परत गेले त्या दिवशी वर्ग सुटेपर्यंत साळवेबाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. मुली गेल्यावर त्यांनी दार ओढून घेतलं आणि तेव्हा मी त्यांचा राग पाहिला. "चाळीस पोरींसमोर मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. आवाज खणखणीत नव्हता. "ज्या गोष्टीवर माझा विश्वास आहे ती मी तुझ्यासाठी गिळली. आणि तू एका वाक्यात ती मातीत घातलीस. एक वर्ष गप्प बसता आलं नसतं तुला?"

"मला विचारलं नव्हतं तुम्ही," मी म्हणाले.

"विचारण्याएवढी मोठी नव्हतीस."

"मग इतकं चांगलं शिकवायचं नव्हतं."

 त्यांनी टेबलावरून पुस्तक उचललं, म्हणाल्या, "बस. भूगोल बुडालाय तुझा." त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर त्या मला शिकवत. पाखरांचं नाव त्यांनीही काढलं नाही, मीही नाही. आम्ही दोघी एकमेकींवर रागावलेल्याच राहिलो, आणि तसंच शिकत-शिकवत राहिलो. दोघींचंही बरोबर होतं असं मला आज वाटतं. त्यानं राग कमी होत नाही.

मी मॅट्रिक झाले. निकाल कळला तेव्हा दोड्डप्पांनी दुकानाच्या ओट्यावर साखरेचं ताट ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून वाटायला लागले. धनगरांना, विणकरांना, त्या दोन वजनदार माणसांना. "आमच्या घराण्यातली पैली म्याट्रिक," ते सांगत होते. "आमीच शिकिवली की. पोरीची जात म्हून मागं ठिवलं न्हाय." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मला पाहिल्यावर त्यांनी ताटातली चिमूट उचलली आणि हात पुढं केला.

मी हात पुढं केला नाही.

अप्पा मागं उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "घे की, गौरा. थोरले हायत. समदी बगत्यात."

मी दोड्डप्पांकडं बघितलंच नाही. अप्पांकडं बघून म्हणाले, "तुमी येकदा तरी माज्या बाजूनं बोलला असता, अप्पा, तर घेतली असती."

 दोड्डप्पांचा हात तसाच पुढं, साखर बोटांतून गळत होती. अप्पा पुढं झाले. वाटलं, आता बोलतील. भावाला नाहीतर मला, रागानं, कसंही, पण बोलतील. त्यांनी ओंजळ पुढं केली, भावाच्या हातातली साखर घेतली, तोंडात टाकली, आणि आत जाऊन घोंगड्यांची थप्पी उतरवून पुन्हा रचायला लागले.